नंबर कुणाच्या नावावर

वाटणीचा कागद चार कलमांचा होता आणि वकिलाने तो एका पानात बसवला होता. पहिलं कलम वर्कशॉपचं, ते धाकट्याकडे. दुसरं राहत्या घराचं, ते थोरल्याकडे. ही दोन कलमं ठरायला आठ महिने आणि दोन अबोले लागले होते, पण आता त्यांवर कुणाचं म्हणणं उरलं नव्हतं. तिसऱ्या कलमात फोनचा नंबर होता. त्यापुढे ‘चर्चेने ठरवावे’ असं टाइप करून वकिलाने दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. चौथं कलम वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, बहिणीचं, आत्याचं होतं. तिने सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे राहावं, असं त्यात लिहिलं होतं.

रविवार होता, वर्कशॉप बंद होतं. अकरा वाजून गेले होते. पुढच्या खोलीत धाकटा टेबलाशी बसून कागद वाचत होता, थोरला त्याच्यासमोर होता. आई पलंगावर भिंतीला टेकून. थोरली सून दाराच्या चौकटीत उभी, एक कान स्वयंपाकघराकडे ठेवून. धाकटी सून कामावर गेली होती. तिचं म्हणणं तिने नवऱ्याजवळ देऊन ठेवलं होतं. आत्या खिडकीखालच्या खुर्चीत उशीचा अभ्रा टाचत बसली होती.

धाकट्याने पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर आला आणि तिथेच सगळं अडलं.

“नंबर वर्कशॉपबरोबर येणार,” तो म्हणाला. “पाटीवर तोच आहे.”

“फोन घरात आहे,” थोरला म्हणाला. “सतरा वर्षं त्याच खिळ्यावर टांगलेला आहे.”

“दादा, फोन खिळ्यावर असतो. नंबर नसतो.”

“मग नंबर कुठे असतो?”

धाकट्याने खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खिशाकडे, मग छताकडे.

तसं पाहिलं तर नंबर कुठे असतो हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो विजेच्या मोटारींवर होता. अप्पा मोटर वाइंडिंगचं काम करायचे. जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश चढवायचं, भट्टीत सुकवायचं. मोटर गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यापूर्वी ते बारीक ब्रशने तिच्या पाठीवर लाल रंगात तारीख घालायचे आणि तारखेखाली हा नंबर. स्वतःचं नाव कधीच घातलं नाही. नावाने मोटर दुरुस्त होत नाही, असं म्हणायचे. सतरा वर्षांत अशा किती मोटारी झाल्या याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. त्या विहिरींवर होत्या, गिरण्यांत होत्या, सुतारांच्या रंध्याला होत्या, बर्फाच्या कारखान्यात होत्या. मोटर बंद पडली की माणूस तिच्यावरची धूळ पुसायचा आणि दिसेल तो नंबर लावायचा.

अप्पांना जाऊन दहा महिने झाले होते. फोन येतच होते.

थोरल्याला हा हिशेब धाकट्यापेक्षा जास्त कळत होता. वर्कशॉप गेल्यावर तो या पुढच्या खोलीत टेबल मांडून छोटी कामं करणार होता. पंखे, मिक्सर, फार तर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. वीस वर्षं अप्पांच्या शेजारी बसून त्याने तार गुंडाळली होती, पण बाहेर त्याला ‘मिस्त्रींचा मुलगा’ म्हणत; त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं. नंबर गेला तर त्याला शोधायचं कुठे, हे गल्लीबाहेरच्या एकाही माणसाला कळणार नव्हतं.

खिडकीत फोन वाजला. थोरली सून आली, आत्याच्या डोक्यावरून हात लांब करून तिने खिळ्यावरची कापडी पिशवी काढली, पिशवीतून फोन काढला आणि तिथेच उभी राहून बोलली. “मिस्त्रींचं घर. हो. नाही, आज बंद. उद्या नऊला आणा.” फोन पिशवीत, पिशवी खिळ्यावर. आत्याने तेवढ्यापुरती मान डावीकडे कलती केली आणि पुन्हा सरळ केली.

ही मान कलती करायची सवय सतरा वर्षांची होती. फोन नवा आला तेव्हा घरात रेंज फक्त या खिडकीत मिळायची. तीन पावलं आत आलं की आवाज तुटायचा. म्हणून अप्पांनी खिडकीच्या चौकटीत खिळा ठोकला, आईने पंख्याच्या जुन्या खोळीतून पिशवी शिवली. पुढे टॉवर वाढले, रेंज न्हाणीघरातसुद्धा मिळायला लागली, घरातल्या एकेकाच्या खिशात मोठ्या काचेचे फोन आले. पण बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या कार्डावर, शाळेच्या फॉर्मवर सगळ्यांनी लिहिलेला नंबर हाच होता. त्यामुळे जो तो बाहेरून आपल्या नव्या फोनवरून थोरलीला फोन करायचा: “वहिनी, आकडे आले का? सांग.” आणि ती खिळ्यावरचा जुना फोन काढून सहा आकडे वाचून दाखवायची.

“मी एक सांगतो, चिडू नकोस,” धाकटा म्हणाला. “मी शुक्रवारीच फोन कंपनीच्या दुकानात अर्ज दिलाय. अप्पांचा मृत्यूचा दाखला जोडून. अप्पांच्या नावावरून माझ्या नावावर. दोन दिवसांत होतं म्हणाले.”

थोरल्याने खुर्ची मागे सरकवली. “कागदावर चर्चेने ठरवावे लिहिलंय, आणि तू आधीच अर्ज देऊन आलास?”

“चर्चाच करतोय ना आता.”

“अर्ज दिल्यावर? मग आम्हाला कशाला बसवलंस इथे, टाळ्या वाजवायला?”

“होणार नाही तो अर्ज,” थोरली दारातून म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“काल अकरा वाजता मेसेज आला. अर्ज नामंजूर, नाव जुळत नाही.”

“काल?” धाकटा उभा राहिला. “मग मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलं नाहीत, भावोजी. तुम्ही आकडे विचारता तेव्हा मी आकडे सांगते.”

थोरल्याला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. “म्हणजे याने अर्ज दिलाय हे तुला कालपासून माहीत होतं. आणि मला बोलली नाहीस?”

काल अकरापासून हा प्रश्न येणार हे थोरलीला ठाऊक होतं. अकरा वर्षं ती या घरातल्या प्रत्येकाचे मेसेज वाचत होती. सुरुवातीला तिने ठरवलं होतं, वाचायचं आणि विसरायचं. विसरणं जमलं नाही, म्हणून गप्प राहायला शिकली.

“मला सगळ्यांचंच माहीत असतं,” ती म्हणाली. “गुरुवारी नऊ वाजता छातीचा फोटो काढायला या, हा तुमचा मेसेजही मीच वाचला. तो मी भावोजींना सांगितला का?”

मग आई पलंगावरून म्हणाली, “कसला छातीचा फोटो?”

“काही नाही गं. खोकला आहे. वार्निशचा.”

“खोकला तर अप्पांनाही होता,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “दादा, तू मला बोलायचंस.”

“तू अर्जाचं बोललास?”

दोघे भाऊ समोरासमोर उभे होते आणि दोघांनाही आता नेमकं कशावरून भांडत होतो ते सापडत नव्हतं. धाकटा आधी खाली बसला. छातीच्या फोटोनंतर नंबर मागणं त्याला बरं दिसेना, आणि सोडणंही शक्य नव्हतं. नव्या पाटीसाठी त्याने रंगाऱ्याला बोलावून ठेवलं होतं.

“आधी एक बघू,” तो म्हणाला. “नाव जुळत नाही म्हणजे काय? अप्पांचा नंबर अप्पांच्या नावावर नाही?”

“माझ्या नावावर असेल,” आई म्हणाली.

“तुझ्या?”

“नवरा-बायकोत काय वेगळं असतं? घेतला असेल माझ्या नावावर.”

कंपनीला फोन लावायचं ठरलं. तो जुन्या फोनवरूनच लावावा लागणार होता. थोरला खिडकीशी गेला, त्याच्यामागे धाकटा, त्याच्यामागे आई. जुन्या फोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी फार मोठा होत नसे, म्हणून सगळे वाकून उभे राहिले. आत्या खाली खुर्चीत होती. ते तिच्या डोक्यावरून बोलत होते. तिने सुई अभ्र्यात टोचून ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

यंत्र आधी बराच वेळ स्वतःच बोललं. मग म्हणालं, अमुक असेल तर चार दाबा. चार आणि सात हे दोन आकडे बटणांवरून झिजून गेले होते. अप्पांनी ते मोटारींच्याच लाल रंगाने पुन्हा काढले होते. थोरल्याने चार दाबला. यंत्र म्हणालं, खात्री करण्यासाठी तुमच्या मोबाइलवर पाठवलेले सहा आकडे सांगा.

“कुठे पाठवले?” धाकटा म्हणाला.

“याच फोनवर.”

“मग बघ.”

“बघू कसा? बघायला गेलो तर फोन कटतो.”

तीनदा फोन लावला, तीनदा कटला. चौथ्यांदा थोरली मधे आली. तिने आत्याच्या मांडीवरचा शिवणाचा खडू उचलला आणि फोन चालू असतानाच मेसेज उघडून आकडे खिडकीच्या काठावर उतरवले. मग माणसाचा आवाज आला. एक मुलगी होती, तोंडपाठ बोलणारी.

“नंबर ज्यांच्या नावावर आहे, तेच बोलताय का आपण?”

“हो,” थोरला म्हणाला. “म्हणजे नाही. ते वारले.”

“कोण वारलं, सर?”

“ज्यांच्या नावावर आहे ते. आमचे वडील.”

“एक मिनिट, सर.” ते एक मिनिट चार मिनिटं चाललं आणि त्यात संगीत होतं. मग मुलगी परतली. “सर, आमच्या रेकॉर्डप्रमाणे हा नंबर आपल्या वडिलांच्या नावावर नाही.”

“मग आईच्या?” धाकट्याने वाकून आईचं नाव सांगितलं.

“नाही, सर. नाव बदलायला, ज्यांच्या नावावर आहे त्या मॅडमनाच दुकानात यावं लागेल. ओळखपत्र घेऊन. अंगठा लागेल.”

“कोण मॅडम?”

“ते मी सांगू शकत नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?”

तिने काहीच मदत केली नव्हती, पण थोरला नाही म्हणाला. मुलीने आपल्या सेवेला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं आणि फोन ठेवला.

आई पलंगावर जाऊन बसली. ‘मॅडम’ हा शब्द तिने मनात दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिला. सत्तेचाळीस वर्षं तिने त्या माणसाचा डबा भरला होता. त्याला कुठला साबण चालत नाही, कुठल्या कुशीवर झोप लागते, हे तिला माहीत होतं. त्याच्या ओळखीत एखादी मॅडम आहे हे माहीत नव्हतं.

“आई, तुझं ओळखपत्र कधीचं?” धाकटा म्हणाला. “दादाच्या लग्नानंतरचं ना? फोन त्याच्या आधीचा.”

“आधीचाच,” थोरली म्हणाली. “माझ्या बाबांनी होकार याच नंबरवर कळवला होता.”

“म्हणजे आई नाही, वहिनीही नाही. हिचं तर तेव्हा शिक्षण चालू होतं.” ‘हिचं’ म्हणजे धाकटीचं. “मग बाई कोण?”

“गिरणीवाली,” आई म्हणाली.

“कोण?”

“नदीपलीकडची. पांढऱ्या स्कूटरवरून यायची ती. वर्षातून दोन-दोनदा मोटर जळायची तिची. आणि तुमचे अप्पा, संध्याकाळ असो, पाऊस असो, निघाले पिशवी घेऊन. मी तेव्हाही म्हटलं होतं, एवढी मोटर जळते कुणाची?”

“आई, तिकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं. माझ्या हातूनही दोनदा बांधलीय ती मोटर.”

“तुझ्या हातून का बांधून घेतली मग? अप्पा होते ना?”

थोरल्याला हसू आलं आणि खोकलाही. त्याने दोन्ही दाबलं. धाकटा मात्र हसला नाही. तो मनातल्या मनात गिरणीवालीकडे जाऊन तिची सही घेता येईल का याचा विचार करू लागला होता, आणि आपण हा विचार करतोय याची त्याला लाज वाटत होती.

“तिला फोन लावू का?” त्याने खडा टाकून पाहिला.

“लाव!” आई म्हणाली. “कुठल्या फोनवरून लावणार? तिच्याच?”

“आई, तुम्ही उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नका,” थोरली म्हणाली. “अप्पा तसे नव्हते.”

“तू अकरा वर्षं पाहिलंस त्यांना.”

“अकरा वर्षं त्यांचे मेसेज वाचले मी. तुम्हाला शपथेवर सांगते, बेअरिंगवाल्याशिवाय त्यांना कुणी मेसेज पाठवला नाही.”

हे ऐकून आईला बरं वाटायला हवं होतं. पण सुनेला आपल्याहून जास्त माहीत आहे, हे तिला त्याहून झोंबलं. तिने तोंड फिरवलं. सकाळी सासू-सून एका बाजूला होत्या आणि भाऊ-भाऊ दोन बाजूंना. आता भाऊ एकत्र येऊन गिरणीवालीबद्दल कुजबुजत होते, आणि सासू-सून एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

आत्या ऐकत होती.

शाळेच्या कचेरीत तिने एकतीस वर्षं काढली होती. खिडकीपलीकडून पालक कागद पुढे करायचे आणि ती अलीकडून वाचायची. त्यामुळे उलटा कागद वाचणं तिला सुलट्याइतकंच सोपं होतं. सकाळी धाकट्याने कागद टेबलावर ठेवला तेव्हाच तिने चौथं कलम वाचलं होतं. सहा महिने इथे, सहा महिने तिथे. धाकट्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. तिथे तिला बैठकीत झोपायचं होतं, माणसं आल्यावर उठायचं होतं. इथे तिची खोली होती, खिडकी होती, खुर्ची होती. या वयात दर सहा महिन्यांनी ट्रंक बांधायची. तिसऱ्या कलमावर सगळे भांडत होते. चौथ्यावर कुणाचं काहीच म्हणणं नव्हतं, आणि तिला बोचलं ते हेच.

मुलगी ‘मॅडम’ म्हणाली तेव्हा तिला लगेच काही आठवलं नाही. आधी फक्त कान टवकारले गेले. निवृत्त होईपर्यंत तिला जग मॅडमच म्हणत होतं. पालक, शिपाई, मुलं, पुढे बाप झालेली तीच मुलं. फक्त या घरात तिला तसं कुणी म्हटलं नव्हतं. मग हळूहळू चित्र जुळलं. मधली सुट्टी. कचेरीच्या दारात भाऊ उभा, हात वार्निशने पिवळे. ‘तुझं ओळखपत्र दे जरा. आणि एक फोटो.’ ‘कशाला?’ ‘तारेशिवायचा फोन घेतोय. दुकानदार म्हणतो, फोटोचं ओळखपत्र पाहिजे. माझ्याकडे कुठलं? मला कधी कुणी विचारलं नाही मी कोण म्हणून.’ तिच्याकडे होतं, शाळेचं, शिक्का मारलेलं. तिने फोटो दिला, दुपारी त्याने आणलेल्या फॉर्मवर सही केली. त्या दिवशी तिने आणखी साठेक दाखल्यांवर सह्या केल्या होत्या. घरी येईपर्यंत विसरली.

हे तिला आठवलं तेव्हा घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ती लगेच बोलली नाही. घरातल्या बायका मोजून होताहेत, तर आपली पाळी येते का, हे तिला पाहायचं होतं. आई मोजली गेली. थोरली मोजली गेली. धाकटी, त्या वेळी शिकत असलेली, तीसुद्धा. नदीपलीकडची गिरणीवाली मोजली गेली. नंतर धाकट्याला अप्पांची एक मावसबहीण आठवली आणि थोरल्याला जुन्या घरमालकाची बायको. खिडकीखाली कुणी पाहिलं नाही.

सव्वादोन वाजता धाकटा म्हणाला, “सरळ गिरणीवर जाऊन येतो. विचारायला काय जातं?”

“ऊन आहे,” आत्या म्हणाली. “कशाला जातोस? नंबर माझ्या नावावर आहे.”

थोरली दारातून आत आली.

“तुझ्या?” दोघे भाऊ एकदम म्हणाले.

“फोटोचं ओळखपत्र तेव्हा घरात माझ्याकडेच होतं. तुमच्या अप्पाला काडीइतकी अक्कल असती तर पुढे बदलून घेतला असता. त्याच्याही डोक्यातून गेलं असणार.”

आईने डोळे मिटले. तोंडावर हात ठेवून ती काहीतरी पुटपुटली. थोरलीला त्यात गिरणी एवढं ऐकू आलं. मग आई स्पष्ट म्हणाली, “वन्सं, दोन तास बसून ऐकत होतात? एक शब्द टाकायचा होतात. माझा जीव जायची वेळ आली होती.”

“मला आठवायला वेळ लागला, वहिनी.” हे अर्धं खरं होतं.

धाकटा खुर्चीवरून उठलाच. “आत्या, मग काहीच प्रश्न नाही. चल, मी गाडी काढतो. दुकान रविवारी पाचपर्यंत चालू असतं.”

“आता ऊन नाही का लागत तिला?” थोरला म्हणाला. “संध्याकाळी मी नेतो. आत्या, पाणी आणू का?”

“मी आणते,” थोरली म्हणाली.

“पाठीला उशी देऊ?”

सकाळपासून आत्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आता तीन माणसं तीन गोष्टी विचारत उभी होती. तिने अभ्रा घडी करून बाजूला ठेवला.

“छोट्या, खाली बस. तिसऱ्या कलमाचं मी सांगते. आधी चौथं वाच.”

“ते काय, नेहमीचंच आहे...”

“मोठ्याने वाच.”

धाकट्याने कागद उचलला. पहिले चार शब्द त्याने वकिलाच्या आवाजात वाचले, पुढचे स्वतःच्या. ‘सहा महिने’ हे दुसऱ्यांदा वाचताना तो अडखळला.

“कुठले सहा महिने?” आत्याने विचारलं.

“म्हणजे?”

“उन्हाळ्याचे की पावसाळ्याचे? इथे कधी, तिथे कधी?”

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने कागदाकडे.

“आणि माझी खुर्ची? तीही दर सहा महिन्यांनी चार मजले चढवायची?”

तो प्रश्न कुणाच्या मनातच आला नव्हता.

“हे कलम सुचवलं कुणी?”

“मला वाटलं दादाचं म्हणणं आहे,” धाकटा म्हणाला. “तुझी औषधं, येणं-जाणं, वहिनीवर भार पडतो म्हणून.”

“माझं?” थोरला म्हणाला. “मी कागद पाहिला तेव्हा ते आधीच होतं. मला वाटलं तूच मागितलंस. आत्याचा तुला लळा म्हणून.”

“मी नाही मागितलं. पण मी नको कसं म्हणणार? तिला वाटलं असतं, हा नको म्हणतो.”

“मलाही तेच वाटलं.”

दोघेही खरं बोलत होते. ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

“मी,” थोरली म्हणाली.

पाण्याचा पेला तिच्या हातातच होता. “वकिलांचा फोन आला होता, तीन आठवड्यांपूर्वी. याच फोनवर. म्हणाले, घरात आणखी कोण असतं? मी म्हटलं, आत्या. ते म्हणाले, निम्मं-निम्मं लिहू का? आणि दूध उतू जात होतं. मी खिडकीत, दूध शेगडीवर.” तिने पेला टेबलावर ठेवला. “मी म्हटलं, लिहा.”

“दूध वाचलं का?” आत्याने विचारलं.

“नाही.”

थोरलीला वाटलं होतं, आत्या रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं. लिहा म्हणताना दुधाशिवाय आणखीही एक गोष्ट मनात होती, ती तिने सांगितली नाही: वर्षातले सहा महिने एक ताट कमी, एक हाक कमी. आत्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. उलटा कागद वाचणाऱ्या बाईला तेही वाचता आलं असावं.

“खोडा ते,” आई म्हणाली. ती पलंगावरून उठली, टेबलापाशी आली, धाकट्याच्या खिशातलं पेन काढलं आणि नणंदेपुढे धरलं. दोघींचं सत्तेचाळीस वर्षांत फारसं पटलं नव्हतं. “त्यांची खोली आहे ती. ट्रंक बांधायला त्या काय पाहुण्या आहेत?”

आत्याने चौथ्या कलमावर एक आडवी रेघ मारली आणि रेघेच्या टोकाला सही केली, शाळेत खाडाखोडीवर करायची तशी. मग तिसऱ्या कलमाच्या दोन मोकळ्या ओळींत गोल, एकसारख्या अक्षरांत लिहिलं: ‘फोनचा नंबर आत्याच्या नावावर आहे व राहील. आत्या याच घरात, खिडकीच्या खोलीत राहील.’ खाली तारीख घातली.

धाकट्याने वाचलं. “म्हणजे नंबर दादाकडेच गेला की.”

“माझ्याकडे राहिला.”

“तू दादाकडे. म्हणजे तेच ना? आत्या, पाटी रंगवायला माणूस उद्या येतोय. मी त्यावर काय लिहू?”

“हाच लिही.”

“हा कसा लिहू? उचलणार तुम्ही.”

“मी उचलीन.”

“तू?” धाकटा म्हणाला. “आत्या, तू आजवर एक फोन उचलला नाहीस.”

हे खरं होतं. सतरा वर्षं तो तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर टांगलेला होता, आणि दर वेळी तिने मान बाजूला घेतली होती.

थोरल्यालाही समाधान वाटत नव्हतं. नंबर घरात राहिला, पण आपल्याला मिळाला की नाही, ते त्याला कळेना. धाकट्याला आपण हरलो की नाही, ते कळेना. दोघांनी एकदमच कागदाकडे हात नेला आणि एकदमच मागे घेतला.

तेवढ्यात फोन वाजला.

थोरली सवयीने पुढे आली. आत्याने हात वर केला, तशी ती थांबली. आत्याने मान डावीकडे नेली नाही. उठून उभी राहिली, खिळ्यावरची पिशवी काढली, तिचा बंद सोडवला, फोन हातात घेतला आणि एक बटण दाबलं. वाजणं बंद झालं.

“हॅलो,” ती म्हणाली. “हॅलो?”

“कट झाला, आत्या,” थोरली म्हणाली. “ते लाल होतं. हिरवं दाबायचं.”

“कुठलं हिरवं? सगळी पुसली आहेत.”

“डावीकडचं.”

“आण, मी बघतो,” धाकटा म्हणाला.

“राहू दे, मी बघतो,” थोरला म्हणाला.

फोन पुन्हा वाजला. दोन हात पुढे आले. ती त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी सरकली, आणि डावीकडचं बटण अंगठ्याने जोर देऊन दाबलं. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता आणि कुणीतरी ओरडून बोलत होतं. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

“मिस्त्री आहेत का?”

आत्याने वळून पाहिलं. थोरला खोकला दाबण्यासाठी मूठ तोंडापाशी धरून उभा होता. धाकट्याचा हात अजून पुढेच होता.

“दोन आहेत,” ती म्हणाली. “मोटर कसली आहे, ते आधी सांगा.”